वैद्यकीय श्रुतलेखन आणि त्याचें घरबसल्या शिक्षण

शाळेंतील श्रुतलेखनाचा तास कंटाळवाणा वाटला नाहीं असा विद्यार्थी विरळा. गुरुजी वाचीत जातात, मुलें लिहीत जातात, ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांखालीं तांबड्या शाईच्या रेघा उमटतात, आणि तास संपतो. परंतु याच अभ्यासावर पोट भरणारा एक व्यवसाय जगांत आहे. इंग्रजींत त्यास मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन म्हणतात. आपण वैद्यकीय श्रुतलेखन म्हणूं. बारावीच्या परीक्षेचा निकाल लागला कीं वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलच्या पडद्यावरून ‘घरबसल्या शिका, घरबसल्या कमवा’ अशा ज्या जाहिराती झळकूं लागतात, त्यांत या व्यवसायाचें नांव पुष्कळदां आढळतें. त्या जाहिरातींत खरें किती आणि खोटें किती, व हें शिक्षण घेऊं इच्छिणाऱ्या मुलामुलींनीं काय पाहून पाऊल टाकावें, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

प्रथम कामाचें स्वरूप पाहूं. रोग्यास तपासून झाल्यावर अगर शस्त्रक्रिया आटोपल्यावर तिची सारी हकीकत तोंडानें सांगावयाची व ती दुसऱ्यानें उतरून घ्यावयाची, अशी अमेरिकेंतील डॉक्टरांची चाल जुनी आहे. पूर्वीं लघुलेखक जवळ बसून ती टिपून घेई. १८७७ सालीं एडिसननें फोनोग्राफ सिद्ध केला. पुढच्याच वर्षीं त्या यंत्राचे भावी उपयोग सांगतांना त्यानें संगीताच्या आधीं पत्रें व मजकूर तोंडीं सांगण्याचा उपयोग पहिला म्हणून नमूद केला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. मेणाच्या नळ्या गेल्या, चुंबकीय फिती आल्या, त्याही गेल्या, आणि डॉक्टरांचा आवाज संगणकांत जाऊन बसला. १९७८ सालीं कॅलिफोर्नियांतील मोडेस्टो येथें या कामगारांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. २००७ सालीं तिनें आपलें नांव बदलून त्यांत ‘सचोटी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द मुद्दाम घातला. हा शब्द कां घातला, तें पुढें दिसून येईल.

१९९० नंतरच्या दशकांत आवाज समुद्रापलीकडे पाठविणें स्वस्त झालें आणि हें काम आपल्या देशांत आलें. बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, मुंबई या शहरांत तें करणाऱ्या कंपन्या निघाल्या. इंग्रजी जाणणारे पदवीधर आपल्याकडे पुष्कळ, हें त्याचें एक कारण. दुसरें कारण पृथ्वीच्या गोल असण्यांत आहे. हिवाळ्यांत बॉस्टन येथें संध्याकाळचे सहा वाजतात त्या वेळीं आपल्याकडे पहाटेचे साडेचार झालेले असतात. तेथील डॉक्टर दिवसभराच्या नोंदी सांगून घरीं जातो, तो झोपेंत असतांना येथें त्या लिहून होतात, आणि सकाळीं तो पुन्हां रुग्णालयांत येतो तेव्हां कागद तयार असतात. भूगोलाच्या पुस्तकांतील रेखांश कोणाला अन्न मिळवून देत असतील, अशी कल्पना परीक्षेपुरते ते पाठ करणाऱ्या मुलांस क्वचितच येत असेल.

कामाचीं साधनें थोडीं. कानावर हेडफोन, पुढें संगणक, आणि पायाखालीं शिवणयंत्राच्या पायपट्टीसारखा एक पेडल. पाय दाबला कीं आवाज चालूं होतो, उचलला कीं थांबतो, दुसऱ्या बाजूस दाबला कीं मागें जातो. त्यामुळें हात अक्षरपट्टीवरून हालवावे लागत नाहींत. मजुरीचा हिशेब पुष्कळ ठिकाणीं ओळीवर होतो, आणि ६५ अक्षरांची, मधल्या मोकळ्या जागांसह, एक ओळ धरण्याची चाल रूढ आहे. रोग्याचा पूर्वेतिहास व तपासणी, तज्ज्ञाचा सल्ला, शस्त्रक्रियेचा वृत्तांत आणि रुग्णालयांतून घरीं सोडतांना दिलेला सारांश, हे चार प्रकारचे कागद मुख्य. शिकणाऱ्याचा बहुतेक सराव त्यांवरच होतो.

आतां शब्दांकडे वळूं. कारण खरें कठीण काम तेथेंच आहे, आणि आमच्या मतें खरी गोडीही तेथेंच आहे. वैद्यकांतील इंग्रजी शब्द बहुधा ग्रीक व लॅटिन तुकड्यांचे बनलेले असतात. हे तुकडे परके म्हणून मुलें बिचकतात. परंतु ज्यांनीं शाळेंत संस्कृत घेतलें आहे त्यांस यांतील कित्येक तुकडे दूरच्या नातलगांसारखे ओळखूं येतील. ग्रीक ‘कार्डिआ’ म्हणजे आपलें हृद्. ‘ऑस्टिऑन’ म्हणजे अस्थि. ‘हेपार’ म्हणजे यकृत. शेवटची जोडी कानाला मुळींच जुळत नाहीं, तरी भाषाशास्त्रज्ञ दोन्ही शब्द एकाच मुळापासून निघालेले मानतात. उपसर्गांत तर हें साम्य फारच उपयोगी पडतें. ग्रीक ‘हायपर’ हा आपल्या ‘उपरि’चा भाऊ, आणि ‘हायपो’ हा ‘उप’चा. रक्ताचा दाब वर चढला तर हायपरटेन्शन, खालीं उतरला तर हायपोटेन्शन. घाईनें बोलणाऱ्या डॉक्टरच्या तोंडीं या दोन शब्दांतील अंतर एका अक्षराएवढेंही राहात नाहीं. औषधें मात्र परस्परांच्या अगदीं उलट. ‘पेरि’ म्हणजे परि, सभोंवार. म्हणून पेरिकार्डियम म्हणजे हृदयाच्या सभोंवारचें वेष्टण. ‘डिस’ म्हणजे दुर् किंवा दुस्. म्हणून डिस्फेजिया म्हणजे गिळण्याची अडचण. त्याच्याशीं जुळता दुसरा शब्द डिस्फेजिया नव्हे, डिस्फेझिया. त्याचा अर्थ बोलण्याची अडचण. एकाच्या घशाची तपासणी व्हावयाची, दुसऱ्याच्या मेंदूची.

निषेधार्थी ‘अ’ हा आपल्याप्रमाणेंच ग्रीकांतही आहे. आपण शक्त आणि अशक्त म्हणतों तसें इंग्रजी वैद्यकांत फेब्राइल म्हणजे ताप असलेला आणि एफेब्राइल म्हणजे ताप नसलेला. आतां गंमत पहा : इंग्रजींत ‘ए’ हें ‘एक’ या अर्थाचें उपपदही आहे. ‘ए फेब्राइल’ असें दोन शब्दांत लिहिलें तर रोग्यास ताप आहे, एका शब्दांत लिहिलें तर ताप नाहीं. कानाला दोन्ही सारखेंच. मग ठरवावयाचें कसें? मागचें वाक्य पाहावें. उष्णतामान ९८.६ सांगितलें असेल तर ताप नाहीं, १०२ सांगितलें असेल तर आहे. ‘इलियम’ या शब्दाचीही अशीच मौज आहे. मधें इंग्रजी ‘ई’ अक्षर घातलें तर तो लहान आंतड्याचा शेवटचा भाग, ‘आय’ घातलें तर कमरेचें हाड. उच्चारांत रतिभर फरक नाहीं. येथें तीक्ष्ण कान कांहीं कामाचा नाहीं; शरीराची रचना ठाऊक असेल तरच लेखणी बरोबर चालेल. शस्त्रक्रियांच्या नांवांत ‘टॉमी’ म्हणजे छेद घेणें, ‘स्टॉमी’ म्हणजे तोंड पाडणें, ‘एक्टॉमी’ म्हणजे तो भाग काढून टाकणें. मोठ्या आंतड्याच्या बाबतींत कोलॉटॉमी, कोलॉस्टॉमी आणि कोलेक्टॉमी हे तीन शब्द एकामागून एक मोठ्यानें म्हणून पहा, म्हणजे लिहिणाऱ्याची पंचाईत ध्यानांत येईल.

त्यांत सांगणारा डॉक्टर कांहीं गुरुजींसारखा सावकाश वाचून दाखवीत नाहीं. तो चालतां चालतां बोलतो, खातां खातां बोलतो, मधेंच ‘नाहीं, नाहीं, तें खोडा’ म्हणून मागचें वाक्य फिरवितो. शिवाय अमेरिकन माणूस ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’ यांतील शेवटचा ‘ट’ जवळजवळ गिळून टाकतो. त्यामुळें रोग्यास हात उचलतां येतो कीं येत नाहीं, हेंच कधीं कधीं कळत नाहीं.

आंकड्यांची गोष्ट शब्दांहूनही नाजूक. फिफ्टीन आणि फिफ्टी यांचा घोंटाळा सर्वांस ठाऊक आहे. अमेरिकेंतील रुग्णालयांची तपासणी करून त्यांस मान्यता देणारी जॉइंट कमिशन नांवाची संस्था आहे. तिनें २००४ सालीं कांहीं संक्षेप लिहिण्यास बंदी घातली. ‘युनिट’ या शब्दाऐवजीं नुसतें ‘यू’ लिहूं नये, कारण तें शून्यासारखें दिसतें. पूर्णांकापुढें टिंब देऊन शून्य लिहूं नये, म्हणजे ५.० असें न लिहितां ५ लिहावें. नाहींतर टिंब पुसट उमटलें कीं ५० वाचले जातात. उलट अपूर्णांकाच्या टिंबामागें शून्य अवश्य लिहावें, ०.५ असें. ‘एमएस’ लिहूं नये, कारण त्याचा अर्थ मॉर्फीन सल्फेटही होतो आणि मॅग्नेशियम सल्फेटही होतो. गणिताच्या वहींत या गोष्टींस कोणी विचारीत नाहीं. येथें त्यांवर जीव अवलंबून असतो.

ही अतिशयोक्ति नव्हे. अमेरिकेच्या अलाबामा संस्थानांत २००८ सालीं मधुमेहानें आजारी असलेली एक स्त्री रुग्णालयांतून शुश्रूषागृहांत पाठविली गेली. तिला इन्शुलिनचे ८ युनिट द्यावेत असें डॉक्टरनें सांगितलें होतें. कागदावर ८० उतरले. ती नोंद उतरविण्याचें काम एकाकडून दुसऱ्याकडे जात जात शेवटीं भारतांत येऊन पडलेलें होतें. कागद कित्येकांच्या हातांतून गेला, पण कोणाच्याही मनांत त्या शून्याविषयीं शंका आली नाहीं. दहापट औषध टोंचलें गेलें आणि ती बाई दगावली. डिसेंबर २०१२ मध्यें तेथील ज्यूरीनें तिच्या कुटुंबास १४ कोटी डॉलर देण्याचा निर्णय दिला. तो आकडा मोठा खरा. परंतु आमच्या मनांतून जात नाहीं तो दुसराच आकडा, आठापुढें पडलेलें एक शून्य.

म्हणूनच या व्यवसायांत एक नियम आहे, आणि आमच्या मतें साऱ्या शिक्षणाचें सार त्यांत आहे : ऐकूं आलें नाहीं तेथें जागा मोकळी सोडावी. अंदाजानें शब्द भरूं नये. मोकळ्या जागेशीं ध्वनिमुद्रणांतील वेळ टिपून ठेवावी, म्हणजे वरचा तपासनीस किंवा खुद्द डॉक्टर ती भरतो. आपल्या शाळांतून याच्या नेमकें उलट शिकविलें जातें. प्रश्नपत्रिकेंत जागा कोरी सोडूं नका, कांहीं तरी लिहा, अर्धा गुण तरी मिळेल, असा उपदेश आपण मुलांस करीत असतों. या संवयीनें वाढलेल्या मुलास ‘मला हें ऐकूं आलें नाहीं’ असें कागदावर कबूल करणें फार जड जातें. शाळेंत ३५ टक्क्यांवर माणूस उत्तीर्ण होतो. या कामांत साधारणपणें ९८ टक्के अचूकपणा हा किमान समजला जातो, आणि राहिलेल्या दोन टक्क्यांत औषधाचें प्रमाण चुकलें असेल तर तेवढ्यानेंही कागद नापास होतो.

आतां घरबसल्या शिक्षणाविषयीं. पाण्यांत न उतरतां पोहणें शिकविणारे अभ्यासक्रम आम्हांस हास्यास्पद वाटतात, पण हा विषय तसा नाहीं. हें कामच मुळीं दूरच्या माणसाचा आवाज संगणकावर ऐकून करावयाचें असल्यामुळें तें संगणकावरून दुरूनच शिकतां येतें. लहान गांवांतील मुलीलाही तोच आवाज ऐकावयास मिळतो जो मुंबईच्या मुलीला मिळतो, आणि तो दहा वेळां मागें नेऊन ऐकतां येतो. परंतु शिकविणारी संस्था काय शिकविते हें पाहिलें पाहिजे. इंग्रजी व्याकरण, शरीररचना, रोग व औषधांचीं नांवें, हीं तर हवींतच. तीं पुस्तकांतूनही मिळतात. शरीररचनेचें एक चांगलें इंग्रजी पाठ्यपुस्तक अमेरिकेंतील राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या उपक्रमानें २०१३ सालापासून फुकट वाचावयास ठेवलें आहे. भारत सरकारचें ‘स्वयम्’ हें अभ्यासक्रमांचें दालन २०१७ सालीं उघडलें, तेथेंही शिकण्यास पैसे पडत नाहींत. मेडलाइनप्लस या अमेरिकन राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या पानांवर रोगांची व औषधांची माहिती सोप्या इंग्रजींत मिळते. तेव्हां नुसत्या शब्दांच्या याद्या देणाऱ्या संस्थेस मोठी फी कां द्यावी?

फी द्यावयाची ती दोन गोष्टींसाठीं : खऱ्या डॉक्टरांचे आवाज, आणि तपासून परत मिळणारा कागद. प्रवेशापूर्वीं सरळ विचारावें कीं, सरावाचे आवाज प्रत्यक्ष कामांतले आहेत कीं शिक्षकानें संथपणें वाचून भरलेले? एकूण किती तास ऐकावयास मिळतील? माझा कागद कोण तपासणार, आणि त्यानें स्वतः हें काम किती वर्षें केलें आहे? यंत्रानें मोजलेले गुण मिळतील कीं चुकीपुढें तिचें कारण लिहून मिळेल? या प्रश्नांस टाळाटाळ झाली तर तेथून उठावें. शिकवितांना रोग्यांचीं खरीं नांवें ऐकूं येऊं लागलीं तर त्याहूनही लवकर उठावें; कारण ज्या संस्थेला रोग्याची लाज राखतां येत नाहीं ती पुढें काय शिकविणार?

या गुप्ततेविषयीं दोन शब्द. अमेरिकेंत १९९६ च्या कायद्यानें आणि त्याखालील नियमांनीं रोग्याची माहिती उघड करण्यास मनाई आहे. आपल्याकडेही २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत झाला. २००३ सालीं कॅलिफोर्नियांतील एका रुग्णालयाचें काम पोटकंत्राटांच्या साखळीनें पाकिस्तानांतील एका स्त्रीपर्यंत पोंचलें. तिची मजुरी थकली तेव्हां रोग्यांचे कागद इंटरनेटवर उघड करण्याची धमकी तिनें रुग्णालयास धाडली. तिचें वागणें गैरच. तथापि शेवटच्या कडीपर्यंत मजुरी पोंचूं न देणाऱ्या त्या साखळीचा दोष कमी होता असें आम्हांस वाटत नाहीं.

पालकांस आतां जी गोष्ट सांगावयाची ती जाहिरातींत छापलेली नसते. हा व्यवसाय वाढता राहिलेला नाहीं. बोललेलें आपोआप अक्षरांत उतरविणारे संगणक आले आहेत. अमेरिकेचें श्रमखातें आपल्या अंदाजांत या कामाच्या जागा घटतील असेंच सांगतें. मायक्रोसॉफ्टनें या क्षेत्रांतील न्युआन्स ही मोठी कंपनी मार्च २०२२ मध्यें आपल्या ताब्यांत घेतली, आणि डॉक्टर व रोगी यांचें संभाषण ऐकून स्वतःच नोंद तयार करणारे कार्यक्रम आतां कित्येक रुग्णालयांत चालतात. मग माणसाला काम काय उरलें? यंत्रानें लिहिलेलें तपासण्याचें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत १४४ डॉक्टरांनीं सांगितलेल्या २१७ नोंदी तपासल्या. नुसत्या यंत्रानें उतरविलेल्या मजकुरांत शेंकडा ७.४ चुका निघाल्या. तोच मजकूर श्रुतलेखकाच्या हाताखालून गेल्यावर त्या ०.४ वर आल्या. यंत्रें त्यानंतर पुष्कळ सुधारलीं हें खरें. परंतु २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासांत व्हिस्पर या नव्या यंत्राविषयीं असें आढळलें कीं, सुमारें शेंकडा एका तुकड्यांत कोणी न बोललेलीं वाक्यें त्यानें पदरचीं घातलीं होतीं. जागा मोकळी सोडण्याचा नियम यंत्रास अजून नीट साधलेला नाहीं असेंच म्हणावें लागेल!

तेव्हां जलद टंकलेखनाच्या भरंवशावर या मार्गास लागूं नये. ज्याचें इंग्रजी पक्कें आहे, ज्यास शरीरशास्त्राची आवड आहे, ज्याला एका वाक्यासाठीं अर्धा तास घालविण्याचा कंटाळा येत नाहीं, त्यानें अवश्य शिकावें. तेंच ज्ञान रुग्णालयाच्या दफ्तरांत, विम्यासाठीं रोगांस सांकेतिक आंकडे देण्याच्या कामांत आणि यंत्राचें लिहिलेलें तपासण्याच्या कामांतही उपयोगी पडतें. तपासण्याच्या कामाचा ओळीमागचा दर उतरविण्याच्या दरापेक्षां कमी असतो, आणि घड्याळ बहुधा अमेरिकेचें असल्यामुळें रात्रीं जागाव्या लागतात, हेंही आधींच ठाऊक असावें. या शिक्षणासाठीं कर्ज काढूं नये, दागिने तर मुळींच मोडूं नयेत. नोकरीची हमी देणाऱ्यापासून सावध राहावें. आणि काम देण्यापूर्वीं अनामत मागणारा माणूस कितीही गोड बोलला तरी त्यास एक पैसा देऊं नये. मजुरी धनी मजुराला देत असतो, मजूर धन्याला नव्हे.

फी भरण्याआधीं आपल्या अंगीं ही शक्ति आहे कीं नाहीं हें घरींच पाहतां येतें. आकाशवाणीवरील इंग्रजी बातम्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्याव्या. त्यांतील पांच मिनिटांचा मजकूर शब्दशः उतरून काढावा. पाहिजे तितक्या वेळां मागें न्यावें, पण कोणास विचारूं नये आणि न कळलेल्या शब्दाची जागा मोकळी सोडावी. दुसऱ्या दिवशीं, कान ताजा असतांना, इंग्रजी चांगलें जाणणाऱ्या वडील माणसाजवळ बसून तो कागद आवाजाशीं ताडून पाहावा. मोकळ्या जागा एका रकान्यांत मोजाव्या, आणि चुकीचे भरलेले शब्द दुसऱ्या रकान्यांत. असें एक महिना, दररोज. पहिला रकाना सुरवातीस मोठा असला तरी चिंता नको, तो सरावानें लहान होतो. पाहावयाचें तें दुसऱ्या रकान्याकडे.